विंडोज सॉफ्टवेअरचा सेटअप कशात बनवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, म्हापसा, मडगाव, डिचोली इथे दुकानं, पतसंस्था, हॉटेलं आणि काजूच्या फॅक्टऱ्यांसाठी बिलिंग-हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहिणारे बरेच जण एकट्यानेच, फार तर दोघं-तिघं मिळून काम करतात. प्रोग्रॅम तयार असतो, गिऱ्हाईक रोज फोन करत असतं आणि सेटअपचा, म्हणजे प्रोग्रॅम गिऱ्हाइकाच्या मशीनवर बसवणाऱ्या फाइलीचा, विचार शेवटच्या दिवशी होतो. त्या शेवटच्या दिवशी जे प्रश्न हमखास येतात, ते इथे घेतले आहेत.

आधी थेट उत्तर द्या. कुठलं साधन घेऊ?

इनो सेटअप. गिऱ्हाईक दुकानदार, डॉक्टर, पतसंस्था किंवा लहान हॉटेल असेल तर दुसरीकडे बघायची गरज सहसा पडत नाही. गिऱ्हाइकाकडे स्वतःचा आयटी विभाग असेल आणि तो 'एमएसआय द्या' (विंडोजचा ठरावीक इन्स्टॉल-फाइलप्रकार, पुढे खुलासा आहे) म्हणत असेल, तर तो बनवणारं विक्स, किंवा पैसे मोजायची तयारी असेल तर ॲडव्हान्स्ड इन्स्टॉलर. ॲप इलेक्ट्रॉनवर (वेबच्या भाषांत डेस्कटॉप ॲप लिहायची चौकट) केलं असेल तर इलेक्ट्रॉन-बिल्डर आपणहून एनएसआयएसचा सेटअप काढून देतो, तोच ठेवा. पुढचं सगळं या उत्तराचे अपवाद आणि खाचाखोचा.

निवड करताना नेमकं काय बघायचं?

तुमची दुसरी आवृत्ती. फाइली जागेवर ठेवायच्या आणि डेस्कटॉपवर आयकॉन लावायचा, एवढं तर कुठलंही साधन करतं. डेमोत सगळी सारखीच दिसतात ती त्यामुळे.

खरी परीक्षा अपडेटच्या दिवशी. ३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी परिषदेने नवे दर ठरवले आणि २२ सप्टेंबरपासून ते लागू झाले. मधल्या दिवसांत प्रत्येक बिलिंगवाल्याला आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे नवी आवृत्ती पोचवायची होती. अशा वेळी प्रश्न वेगळे असतात. काउंटरवर प्रोग्रॅम चालूच आहे, तो बंद कोण करणार? जुन्या आवृत्तीच्या ज्या डीएलएल (प्रोग्रॅमच्या मदतनीस फाइली) आता लागत नाहीत त्यांचं काय? चार वर्षांची बिलं जागेवर राहतील ना? 'ॲप्स'च्या यादीत तुमचं नाव एकदाच दिसेल की दोनदा? साधन निवडताना हे चार प्रश्न त्याला विचारा. विझार्डचं चित्र किती सुंदर आहे ते नंतर बघता येईल.

इनो सेटअप की एनएसआयएस?

दोन्ही फुकट, दोन्ही जुनी आणि मुरलेली. इनो सेटअप जॉर्डन रसेल यांनी १९९७ मध्ये आणलं. एनएसआयएस नलसॉफ्टचं, म्हणजे विनॲम्पवाल्यांचं. नावातला 'एन' त्यांचाच.

फरक स्वभावाचा आहे. इनोच्या स्क्रिप्टमध्ये तुम्ही काय हवं ते विभागवार लिहिता: या फाइली, हे शॉर्टकट, ही रजिस्ट्री नोंद. अनइन्स्टॉलर इनो स्वतः तयार करतं, कारण काय काय टाकलं याची नोंद ते ठेवत जातं. वेगळं काही हवं असेल तर पास्कलमध्ये कोड लिहिता येतो. डेल्फीवर वाढलेल्या आमच्या पिढीला हे घरचंच वाटतं.

एनएसआयएसमध्ये तुम्ही पायरी-पायरीने हुकूम देता, आणि अनइन्स्टॉलही स्वतःच लिहिता. इथे एक मोठा धोका आहे. बरेच जण आळस करून 'इन्स्टॉल फोल्डर आतल्या सगळ्यासकट उडव' अशी एकच ओळ अनइन्स्टॉलमध्ये टाकतात. गिऱ्हाइकाने इन्स्टॉल करताना फोल्डर म्हणून थेट डी ड्राइव्ह निवडला असेल, तर अनइन्स्टॉल करताना डी ड्राइव्हवरचे लग्नाचे फोटोसुद्धा जातात. टाकलेली प्रत्येक फाइल नावाने पुसा आणि फोल्डर रिकामा असेल तरच काढा.

मग एनएसआयएस घ्यायचंच कशाला? त्याचं स्वतःचं ओझं अगदी थोड्या किलोबाइटचं असतं आणि प्लगइन भरपूर आहेत. इंटरनेटवरून तुकडे उतरवणारा छोटा सेटअप हवा असेल, किंवा विझार्डचा चेहरा पूर्ण बदलायचा असेल, तर ते घ्या. हिशोबाच्या सॉफ्टवेअरला यातलं काही लागत नाही.

इनोमध्ये अपडेटसाठी काय सांभाळायचं?

ॲपआयडी. हा एक ओळखक्रमांक असतो. पहिल्या दिवशी ठरवायचा आणि पुन्हा कधीही बदलायचा नाही. तो तोच राहिला तर नवा सेटअप जुन्याच्या जागी जाऊन बसतो आणि अनइन्स्टॉलची नोंदही त्याच फाइलीत पुढे चालू राहते. नव्या आवृत्तीसाठी कुणी उत्साहाने नवा क्रमांक तयार केला की यादीत दोन नोंदी आल्याच. ॲपआयडीची सुरुवात महिरपी कंसाने होत असेल तर स्क्रिप्टमध्ये सुरुवातीचा कंस दोनदा लिहावा लागतो, कारण एकटा कंस इनोला स्थिरांकाची सुरुवात वाटतो. शेवटचा मात्र एकदाच.

दुसरी गोष्ट. नव्या आवृत्तीत एखादी फाइल तुम्ही वगळलीत म्हणून इनो ती गिऱ्हाइकाच्या मशीनवरून काढत नाही. 'इन्स्टॉल डिलीट' विभागात तिचं नाव लिहा. चालू प्रोग्रॅम बंद करण्यासाठी इनो विंडोजच्या रीस्टार्ट मॅनेजरची मदत घेतं. तरी सेटअप सुरू होताना 'आधी बिलिंग बंद करा' अशी सूचना दाखवलेली बरी, अर्धवट बिल उघडं असू शकतं.

एमएसआय म्हणजे नक्की काय? मोठ्या कंपन्या तोच का मागतात?

इनो आणि एनएसआयएसचे सेटअप हे प्रोग्रॅम आहेत, ते चालतात आणि आपलं काम करतात. एमएसआय हा चालणारा प्रोग्रॅम नव्हे, तो एक डेटाबेस आहे. कुठली फाइल कुठे, कुठली रजिस्ट्री नोंद, कुठली सर्व्हिस हे त्यातल्या तक्त्यांत लिहिलेलं असतं, आणि ते वाचून काम करणारी विंडोज इन्स्टॉलर नावाची सेवा विंडोजमध्येच असते. ही व्यवस्था ऑफिस २००० बरोबर आली.

वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या औषध कंपनीचा आयटी विभाग एका वेळी शेकडो मशीनवर सॉफ्टवेअर टाकतो. तिथे कुणी बसून 'नेक्स्ट, नेक्स्ट' दाबत नाही. ग्रुप पॉलिसीने, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्या मशीनना एका जागेवरून नियम लावायच्या विंडोजच्या सोयीने, एमएसआय थेट ढकलता येतो. आत काय आहे ते न चालवता तपासता येतं, सविस्तर लॉग मिळतो, मध्येच बिघडलं तर सगळं मागे फिरतं. औषध कंपन्यांना इन्स्टॉलेशनचा लेखी पुरावाही ठेवावा लागतो, तिथे हा लॉग कामाला येतो.

पण 'एमएसआयच हवा' हे वाक्य ऐकून लगेच घाबरू नका. त्यांना बऱ्याचदा एवढंच हवं असतं की सेटअप गुपचूप, काही न विचारता बसावा आणि यश-अपयशाचा कोड परत द्यावा. ते इनोलाही जमतं. त्याला सायलेंट, व्हेरी-सायलेंट आणि लॉगचे स्विच आहेत. एनएसआयएसमध्ये एकच अक्षर द्यावं लागतं, एस, आणि तो कॅपिटलच लागतो. आधी त्यांना फोन करून विचारा: ग्रुप पॉलिसीने टाकणार की दुसऱ्या साधनाने? दुसरं साधन असेल तर इनोचा सेटअप बहुतेक वेळा चालून जातो.

विक्स फार अवघड आहे म्हणतात. खरं का?

खरं आहे, पण दोष अर्धा विक्सचा आणि अर्धा एमएसआयचा. विक्स हे एक्सएमएल लिहून एमएसआय बनवायचं साधन. मायक्रोसॉफ्टमध्ये रॉब मेन्शिंग यांनी ते लिहिलं आणि २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते ओपन सोर्स म्हणून खुलं केलं. एमएसआयचे कंपोनंटचे नियम, अपग्रेड कोड आणि प्रॉडक्ट कोड यांतला फरक हे समजल्याशिवाय विक्सचं पान हलत नाही. अपग्रेड कोड जन्मभर तोच ठेवायचा, प्रॉडक्ट कोड प्रत्येक मोठ्या अपग्रेडला नवा, हे आधी डोक्यात पक्कं करा. मग 'मेजर अपग्रेड' हा एक घटक लिहिला की जुनी आवृत्ती काढून नवी बसवण्याचं काम विक्स पाहतं.

जुनी ट्युटोरियलं वाचताना सांभाळा. २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत लिहिण्याची पद्धत बरीच बदलली, त्यामुळे तिसऱ्या आवृत्तीची उदाहरणं जशीच्या तशी चालत नाहीत. आणखी एक, सहाव्या आवृत्तीपासून विक्स वापरून कमाई करणाऱ्यांकडून देखभाल शुल्क मागितलं जातं. कोटेशन देताना ते धरा.

मी आवृत्तीला २०२६.१ असा वर्षाचा क्रमांक देतो. चालेल?

इनोत चालेल. एमएसआयमध्ये पहिला आणि दुसरा आकडा २५५ च्या वर जात नाही, म्हणून २०२६ बसतच नाही. २६.१ असं करा. आणखी एक खोच: एमएसआय आवृत्तीचे पहिले तीनच आकडे तपासतो. ५.२.१.१ आणि ५.२.१.२ त्याच्या लेखी एकच. चौथ्या आकड्यावर अपडेट सोडाल तर 'नवं काही बसतच नाही' असे फोन येतील.

गिऱ्हाइकाचा डेटा कुठे ठेवायचा?

प्रोग्रॅम फाइल्समध्ये नको. याच एका सवयीने सर्वांत जास्त घोळ होतात, म्हणून जरा सविस्तर.

म्हापशातलं औषधाचं दुकान घ्या. एकच संगणक. सकाळी मालक आपल्या लॉगिनने बसतात, संध्याकाळी काउंटरवरचा पोरगा त्याच्या लॉगिनने. प्रोग्रॅम जुना, ३२-बिट, व्हीबी ६ मधला, मॅनिफेस्ट (कुठल्या परवानग्या हव्यात ते विंडोजला सांगणारी नोंद) नसलेला, आणि डेटाबेस प्रोग्रॅम फाइल्समध्ये त्याच्याच फोल्डरात. सामान्य वापरकर्त्याला तिथे लिहायची परवानगी नसते. पण व्हिस्टापासून विंडोज अशा जुन्या प्रोग्रॅमना सांभाळून घेतं. त्यांना नकार न देता ते लिखाण त्या-त्या वापरकर्त्याच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या लपलेल्या फोल्डरात वळवतं. परिणाम असा की मालकांची बिलं मालकांनाच दिसतात आणि पोराची पोरालाच. महिनाअखेर हिशोब जुळत नाही, आणि संशय घेतला जातो तो पोरावर.

सगळ्यांनी मिळून वापरायचा डेटा प्रोग्रॅमडेटा फोल्डरात ठेवा. तिथेही एक गोम आहे. सेटअपने ॲडमिन म्हणून टाकलेली फाइल इतरांना वाचता येते, बदलता येत नाही. इनोत 'डिर्स' विभागात त्या फोल्डरावर यूजर्सना मॉडिफाय परवानगी द्या, की काम झालं. आणि डेटाच्या मूळ फाइलीवर दोन फ्लॅग लावायला विसरू नका: 'ओन्लीइफडझन्टएक्झिस्ट', म्हणजे अपडेटमध्ये भरलेल्या डेटाबेसवर कोरा डेटाबेस जाऊन बसणार नाही, आणि 'अनइन्सनेव्हरअनइन्स्टॉल', म्हणजे प्रोग्रॅम काढला तरी डेटा राहील.

गिऱ्हाइकाकडे ॲडमिन पासवर्डच नाही. काय करू?

सेटअप त्या एका वापरकर्त्यापुरता बसेल असा करता येतो. इनोत 'प्रिव्हिलेजेस रिक्वायर्ड'ची किंमत 'लोएस्ट' ठेवा. ड्रायव्हर किंवा सर्व्हिस टाकायची असेल तर मात्र ॲडमिनशिवाय सुटका नाही.

उलट बाजूही बघा. क्लार्कच्या लॉगिनवर सेटअप चालवला आणि साहेबांनी येऊन आपला ॲडमिन पासवर्ड घातला, तर त्यापुढे सेटअप साहेबांच्या खात्यात चालतो. तुम्ही ॲपडेटामध्ये सेटिंग टाकत असाल तर ती साहेबांच्या फोल्डरात जाते आणि क्लार्कला काहीच दिसत नाही. अशा सेटिंग सेटअपमधून टाकूच नका. प्रोग्रॅम पहिल्यांदा उघडला की त्याने स्वतः तयार कराव्यात.

इन्स्टॉल चालू असताना वीज गेली तर?

पावसाळ्यात हा प्रश्न फार जवळचा. एमएसआय इथे जास्त व्यवस्थित वागतो. पुढच्या वेळी चालवला की आधीचं काम अर्धवट राहिल्याचं सांगतो आणि ते मागे फिरवू का म्हणून विचारतो. इनोमध्ये तुम्ही रद्द केलंत किंवा एरर आली तर मागे फिरणं होतं, पण वीज गेली की तेही नाही. सेटअप पुन्हा चालवला की तो सगळं परत टाकतो आणि गाडी रुळावर येते. चिंता प्रोग्रॅमच्या फाइलींची नाहीच. अपडेटच्या वेळी डेटाबेसचे तक्ते बदलत असाल तर तो कोड सेटअपमध्ये न ठेवता प्रोग्रॅममध्ये ठेवा, आणि बदलण्याआधी बॅकअप घ्या.

विझार्ड मराठीत किंवा कोंकणीत दाखवता येईल?

येईल, आणि फोंडा-पेडण्याच्या गिऱ्हाइकांना ते आवडतंही. मराठी आणि कोंकणी या दोन्हींना विंडोजमध्ये ॲन्सी कोडपेजच (युनिकोडच्या आधीचा अक्षरांचा तक्ता) नाही, त्या निव्वळ युनिकोडवर चालतात. म्हणून जुन्या ॲन्सी साधनांत देवनागरी टाकली की प्रश्नचिन्हांची माळ दिसते. इनोची सहावी मालिका युनिकोडच आहे. एनएसआयएसच्या तिसऱ्या मालिकेत स्क्रिप्टच्या सुरुवातीला युनिकोड चालू केल्याची खात्री करा.

इनोत डिफॉल्ट संदेशांच्या फाइलीची प्रत काढायची, भाषांतर करायचं, बीओएमसह (फाइलीच्या सुरुवातीची युनिकोडची खूण) यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करायचं. भाषेचा क्रमांक मराठीसाठी ११०२, कोंकणीसाठी ११११. अक्षराचा आकार एक-दोन पॉइंटने वाढवा आणि फाँट निर्मला यूआय ठेवा, नाहीतर वेलांट्या-उकार वाचताना डोळे ताणावे लागतात. एमएसआयचं गणित कोडपेजवर बेतलेलं असल्यामुळे देवनागरी विझार्ड हवा असेल तर तिकडे जाऊच नका.

सेटअप उघडताच निळी पाटी येते: 'विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी'. ती कशी घालवायची?

ती स्मार्टस्क्रीनची, म्हणजे अनोळखी फाइली अडवणाऱ्या विंडोजच्या पहारेकऱ्याची. साधन बदलून ती जात नाही. सेटअपवर कोड सायनिंगच्या प्रमाणपत्राने डिजिटल सही हवी, आणि त्या सहीची हळूहळू पत तयार व्हावी लागते. पूर्वी महागडं ईव्ही (कंपनीची जास्त कसून पडताळणी करून दिलेलं) प्रमाणपत्र घेतलं की पाटी पहिल्या दिवसापासून गायब व्हायची. आता तशी हमी नाही, त्यामुळे केवळ या कारणासाठी ईव्हीवर जास्त पैसे घालू नका.

१ जून २०२३ पासून सहीची खासगी किल्ली हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, म्हणजे यूएसबी टोकन किंवा क्लाउडमधलं एचएसएम (किल्ल्या सांभाळणारं सुरक्षित यंत्र). पूर्वीसारखी फाइल ईमेलने मिळत नाही. टोकन मागवलंत तर ते ज्या मशीनला लावलेलं असेल तिथेच सही होईल, हे धरून बिल्डची व्यवस्था लावा. सही करताना टाइमस्टॅम्प न चुकता घाला. तो असला की प्रमाणपत्राची मुदत संपल्यावरही जुन्या सेटअपवरची सही ग्राह्य राहते. इनोत साइन-टूल एकदा नोंदवलं की सेटअपबरोबर अनइन्स्टॉलरवरही सही होते.

टेंडर आणि जीएसटीसाठी घेतलेली क्लास ३ डीएससी (डिजिटल सहीचं प्रमाणपत्र) वापरली तर?

नाही चालत. ती कागदपत्रांवर सही करायला असते. कोड सायनिंग हा उद्देश प्रमाणपत्रातच वेगळा नोंदलेला असावा लागतो. टोकन तसंच दिसतं म्हणून अनेकांचा गैरसमज होतो.

अँटिव्हायरस माझ्या सेटअपलाच व्हायरस म्हणतोय.

एनएसआयएसवाल्यांना हा त्रास जास्त, कारण व्हायरस लिहिणाऱ्यांनाही ते साधन आवडतं. सही करा, कॉम्प्रेशन साधं ठेवा, आतल्या ईएक्सईला यूपीएक्ससारखा पॅकर (ईएक्सई दाबून लहान करणारं साधन) लावू नका. तरीही अडवलं तर त्या अँटिव्हायरस कंपनीला 'फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणून फाइल पाठवा. गिऱ्हाइकाला 'अँटिव्हायरस बंद करा' मात्र कधी सांगू नका. ते बंद करतात आणि परत चालू करत नाहीत.

एमएसआयएक्स आणि क्लिकवन्स?

एमएसआयएक्स हा मायक्रोसॉफ्टचा नवा पॅकेज-प्रकार, २०१८ मधला. स्वच्छ बसतं, स्वच्छ निघतं, पण सहीशिवाय चालत नाही, आणि स्वतःच्या फोल्डरात लिहिणारे जुने प्रोग्रॅम त्यात अडकतात. डाँगलचा (लायसन्ससाठी लावायची यूएसबी किल्ली) ड्रायव्हर सोबत द्यायचा असेल तर विषयच संपला. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवर जायचं असेल तर विचार करा. क्लिकवन्स ही मायक्रोसॉफ्टचीच दुसरी पद्धत, कार्यालयातल्या नेटवर्कवर डॉटनेट ॲप वाटायला ठीक.

डॉटनेट, व्हिज्युअल सी++, एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हे सेटअपमध्ये घालायचं की उतरवायला लावायचं?

वाळपईच्या पलीकडे गिऱ्हाईक असेल तर घाला. सगळं एका पेन ड्राइव्हवर बसलं पाहिजे. डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ मात्र विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून आणि विंडोज ११ मध्ये आधीच असतं, ते उगाच वाहून नेऊ नका. आधी आहे का तपासा, नसेल तरच चालवा. एक एमएसआय बसत असताना त्याच्या आतून दुसरा बसवता येत नाही. विक्समध्ये यासाठी 'बर्न' वापरून वेगळा बंडल (अनेक इन्स्टॉलर ओळीने चालवणारा सेटअप) करावा लागतो. इनोत हा त्रास नाही, एकामागून एक चालवत जा.

अजून एक्सपी आणि विंडोज ७ वापरणारी गिऱ्हाइकं आहेत.

इनोची सहावी मालिका एक्सपीवर चालत नाही, पाचव्या मालिकेचा सेटअप वेगळा काढा. विंडोज ७ ला एसएचए-२ सही ओळखायला मायक्रोसॉफ्टचं अपडेट लागतं. ते नसेल तर तुमची महागडी सही तिथे बिनकामाची.

पैसे देऊन घेतलेली साधनं खरंच वरचढ असतात का?

इन्स्टॉलशील्ड आणि ॲडव्हान्स्ड इन्स्टॉलर एमएसआयसाठी वेळ वाचवतात. एमएसआय वारंवार द्यायचे असतील आणि विक्स शिकायला माणूस नसेल, तर ॲडव्हान्स्ड इन्स्टॉलरचा खर्च वसूल होतो. फुकट आवृत्तीने सुरुवात करून बघा. इनोही फुकट वापरता येतं, पण व्यावसायिक वापर करणाऱ्यांनी लायसन्स घ्यावं अशी त्यांची अपेक्षा आहे. ज्याच्या जोरावर धंदा चालतो त्याला तेवढं द्यायला हरकत नसावी.

पाठवण्याआधी तपासायचं कसं?

स्वतःच्या मशीनवर नको, तिथे सगळं आधीच बसलेलं असतं. विंडोज प्रो असेल तर 'विंडोज सँडबॉक्स' चालू करा, दर वेळी कोरं विंडोज मिळतं. त्यात आधी मागची आवृत्ती टाका, चार बिलं करा, प्रोग्रॅम उघडाच ठेवून नवी आवृत्ती चढवा, बिलं दिसतात का बघा, मग अनइन्स्टॉल करून डेटा उरला का ते बघा. सामान्य वापरकर्त्याच्या लॉगिनचा प्रयोग व्हर्च्युअल मशीनवर करा, कारण सँडबॉक्समध्ये तुम्ही ॲडमिनच असता. आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर अपडेट सोडू नका. दुकानात गर्दी, तुमच्याकडे माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-फुलांची सजावट) बांधायची घाई, आणि फोन उचलायला कुणीच नाही.